ऊन बंद ठेवणेबाबत

सोनचाफा मेला. पण तो मेलेलाच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण लवूनेही तेच केलं.

मुलुंडच्या त्या सोसायटीत पाणी टँकरने यायचं. म्हणून सेक्रेटरी शरच्चंद्रांचा नियम होता: धुण्यापुसण्याचं पाणी गटारात नाही, झाडाला. तांदूळ धुतले, झाडाला. लादी पुसली, बादली झाडाला. बावीस वर्षं माळीकाम करणाऱ्या लवूने हा नियम कधी मोडला नाही. त्या दिवशी त्याने फरश्यांच्या फटींतल्या गवतावर तणनाशक मारलं, फवारणीचा पंप तीनदा विसळला आणि तिन्ही वेळचं पाणी इमानदारीत सोनचाफ्याच्या मुळाशी ओतलं.

चाफा त्याच्या बायकोने, जयंतीने लावलेला. ती जाऊन चार वर्षं झाली होती. फुलं मात्र अजून येत होती.

आठव्या दिवशी खालची जुनी पानं कडेने पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. दुसऱ्या मजल्यावरची श्रुतिका कॉलेजात बॉटनी शिकत होती. तिने तणनाशकाच्या डब्यावरचं लेबल दोनदा वाचलं.

"बोल ना गो!"

"काका, हे मुळातून वर चढतं. पान ऊन घेतं, पण त्याचं अन्न करू शकत नाही. मग तेच ऊन पानाला जाळतं."

"आणि सावलीत ठेवला तर?"

"हळू जळेल."

लवूने त्यातला 'हळू' तेवढा घेतला.

त्याने गणपतीच्या मांडवाचं कापड चाफ्याभोवती गुंडाळलं. दोन बायका हात जोडून आल्या आणि आत नुसतं झाड बघून नमस्कार अर्धा सोडून गेल्या. दुपारी समोरच्या टॉवरच्या काचांवरून ऊन उलटं यायचं. लवू छत्री धरून त्याच्या मागे मागे सरकायचा. कापडाला भोक दिसलं की तो तिथे ठिगळ लावायचा. पिवळं रोज एक फांदी वर चढत होतं. शेवटी शेंडा उरला.

"श्रुतिका, अर्ज लिही. शुद्ध भाषेत."

"कोणाला?"

"सेक्रेटरीक. पाण्याचो नियम तेंचोच."

"काका, वाट लागलीय झाडाची. अर्जाने काय होणार?"

"तू लिही गो."

तिने लिहिलं. लवूने खाली सही केली.

'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सी विंगसमोरील सोनचाफ्यास एक कळी शिल्लक आहे. सबब ती उमलेपर्यंत आवारातील ऊन दुरुस्तीच्या कारणास्तव बंद ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.'