बाळंतिणीच्या खोलीतली मोटार

जबलपुरात चेरीतालच्या एका गल्लीतून एक जुनी लॅम्ब्रेटा चोरीला गेली आणि तिची शिक्षा कलावतीला झाली. स्कूटर तिची नव्हती, चोर तिच्या ओळखीचा नव्हता, पण नीलकंठच्या घरात कुठल्याही गोष्टीचा भार शेवटी कलावतीवरच येऊन पडायचा. ती त्याची धाकटी बहीण. नवरा वारला तेव्हा पाच वर्षांच्या मीराला घेऊन कामठीहून जबलपूरला भावाकडे आली, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. पंधरा वर्षं ती माझं खातेय, असं नीलकंठ चारचौघांत म्हणायचा. ते शिजवतं कोण, हे मात्र तो कधी म्हणाला नाही.

नीलकंठ कारखान्यात टूलरूमला, अवजारं घडवायच्या खात्यात होता. हात सोन्याचे, यात वाद नाही. तेरा वर्षं खपून त्यानं अंगणात स्वतःच्या हातानं एक स्पोर्ट्स कार बनवली होती. लिलावातून आणलेल्या फियाटचं इंजिन, ठोकून ठोकून आकाराला आणलेला पत्रा, दोघांपुरती जागा आणि लालभडक रंग. उंची इतकी कमी की गल्लीतल्या म्हशीसुद्धा तिच्याकडे वाकून बघायच्या. एका हिंदी पेपरात तिचा फोटो आला आणि त्या दिवसापासून नीलकंठला सगळं शहर चोर दिसायला लागलं. खरं सांगायचं तर ती मोटार चोरण्यात कुणालाच रस नव्हता. चोरून न्यायची कुठं? बाजारातल्या कमानिया गेटपर्यंत पोचायच्या आत शंभर पोरं मागे धावली असती. पण हे नीलकंठला सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं होतं, म्हणून कुणी सांगितलं नाही.

रात्री तो स्टिअरिंगचं चाक काढून उशाशी घेऊन झोपायचा. लॅम्ब्रेटा गेली आणि तेवढ्यानं भागेना. त्यानं गवंडी बोलावला, कलावती राहायची त्या खोलीची अंगणाकडची भिंत पाडली, मोटार आत ढकलली आणि भिंत पुन्हा बांधून घेतली. खिडकीही विटांनी बुजवली. आता खोलीला घरातून एकच दार उरलं. त्याला त्यानं स्वतः घडवलेलं कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्यात ओवली. इंजिन आठवड्यातून एकदा तरी चालवायला हवं, म्हणून धूर बाहेर जायला भिंतीत एक भोक ठेवलं आणि सायलेन्सरपासून त्या भोकापर्यंत रबरी नळी जोडली.

"अन् फिरवायची असन तर?" त्याच्या बायकोनं, हेमलतानं, विचारलं.

"भिंत पाडू. भिंतीचं काय हाये?"

कलावतीचं अंथरूण होतं तिथंच राहिलं, आता मोटारीशेजारी. "तुयं तर बरंच झालं, कले," नीलकंठ म्हणाला. "झोप बी होते, राखण बी होते." ती खोलीत नसली की खोलीला कुलूप, हा नियम त्याच दिवशी झाला. कलावतीनं मान हलवली. पंधरा वर्षांत तिच्या मानेला दुसरी सवयच उरली नव्हती.

पण एका गोष्टीसाठी तिनं तोंड उघडलं. मीराचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं, नवरा टिकाराम कुंडमला शाळेत मास्तर होता. मीराला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, दार लावता येईल अशी एक खोली लेकीला मिळावी, चाळीस दिवस तिला कुणी उठ म्हणू नये, एवढं एकच कलावतीला हवं होतं. स्वतःसाठी तिनं कधी लुगडं मागितलं नव्हतं, पण लेकीसाठी ती हट्टाला पेटली.

"दादा, चाळीस दिवस गाडी आंगनात काढा ना. मी रातभर जागीन तिच्यापाशी."

"अच्छा, म्हंजे भिंत पाडू?" नीलकंठ म्हणाला. महिन्याभरापूर्वी भिंतीला त्याच्या लेखी काही किंमत नव्हती. "मीराले आनायचं तर आन. माया काही नकार नाही. पन तिले अशी कितीशी जागा लागते?"

म्हणून मीरा सरकारी दवाखान्यात बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी मोटारीच्या खोलीत आली. मुलगी झाली होती. टिकारामची आई मुलगी म्हटल्यावर बघायलाही आली नाही. टिकाराम दवाखान्यातच आला होता, मुलीच्या मुठीत बोट दिलं आणि शाळा आहे म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेला. कलावतीला त्याचं काही वाटलं नाही. तिनं लाल पत्र्यावर जुनं लुगडं अंथरून त्यावर दुपटी रचली, मडगार्डवर शेकाची शेगडी ठेवली; नीलकंठला कळलं असतं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. पण बाळंतिणीच्या खोलीत बाप्या माणसानं बारा दिवस जायचं नसतं. तेवढे बारा दिवस ती खोली कलावतीची होती, आणि ती खरोखर सुखात होती.

जाता येत नाही म्हटल्यावर नीलकंठनं काय करावं? त्यानं मीरा यायच्या आधीच एक वायर ओढून बाहेरच्या बैठकीत आणली आणि भिंतीवर बटन बसवलं. बाहेर बटन दाबलं की आत इंजिन सुरू.

जानेवारीचे दिवस. नळीच्या कडेनं भोकातून असा वारा यायचा की पोरीचे पाय निळे पडत. बाळंतिणीच्या अंगाला वारा लागू नये म्हणून बायका दाराची फटसुद्धा बुजवतात, इथं तर भिंतीला मुठीएवढं भोक होतं. कलावती बैठकीत गेली. हेमलता तिथंच मेथी निवडत होती.

"दादा, मी ते नळी काढून भोक बुजवून राहिली. बारा दिवस बटन नका दाबू."

"बुजव," पेपरातून डोकं न काढता नीलकंठ म्हणाला.

"नाही दाबनार ना?"

"एकदा सांगतलं ना. काहून डोकं खाऊन राहिली?"

तिनं नळी ओढून काढली आणि भोकात आपलं जुनं धडोतं ठासून भरलं. त्या रात्री पोर पहिल्यांदा शांत झोपली.

रविवारी सकाळी कलावती डिंक आणि खारीक आणायला कमानिया गेटला गेली. ऊन छान पडलं होतं, म्हणून हेमलता पोरीला घेऊन गच्चीवर बसली. मीरा अंघोळ करून, शेक घेऊन आडवी झाली होती. कलावती बाहेर पडली तसं नीलकंठनं खोलीला कुलूप घातलं.

"मामाजी, मी हाये ना आत," मीरा म्हणाली होती. हे हेमलतानं गच्चीवर जाताना जिन्यावरून ऐकलं.

"तू बाळंतीन. चोर आला तर उठशील का?"

मग अंबादास आला. कारखान्यात नीलकंठच्या शेजारच्या मशीनवर होता, रांझीहून सायकल मारत मोटार बघायला आला होता. बघता येणार नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. नीलकंठला ते बघवेना. बघता येत नाही तर निदान ऐक, म्हणून त्यानं बटन दाबलं.

दोघं म्हातारे भिंतीला कान लावून बसले. पुढचं सगळं अंबादासनंच कलावतीला सांगितलं, त्याच दुपारी, अंगणात.

"पंधरा-वीस मिनटं चालवलं त्यानं. मी म्हनलं बी, नीलकंठ, अंदरून ठकठक होऊन राहिली. तो म्हने इंजिनचे टॅपेट ढिले झाले, सेट करा लागन. मले बी तसंच वाटलं, बाई. मग ठकठक थांबली. तो म्हने, देख, गरम झाल्यावर आवाज जातो."

तेवढं बोलून अंबादासनं सायकल काढली. पुन्हा तो त्या गल्लीत कधी दिसला नाही.

त्या सकाळी इंजिन बंद करून दोघं कोपऱ्यावर पान खायला गेले होते. कलावती डिंकाची पुडी घेऊन आली तेव्हा दाराखालून धूर येत होता. तिनं दार बडवलं, मीराला हाका मारल्या, हेमलता पोरीला घेऊन धावत खाली आली, शेजारचे दोघे पहार घेऊन आले. पण ते कुलूप टूलरूमच्या माणसानं चोरासाठी बनवलेलं होतं. पहारीला ते दाद देईना, आणि किल्ली नीलकंठच्या कमरेला होती. पोरं त्याला शोधायला धावली. तो येईपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. कलावती दाराशी बसून आतल्या लेकीला सांगत होती, आले गं, मामाजी आले, किल्ली आली.

दार उघडलं तेव्हा मीरा उंबरठ्याशी पडली होती. दोन्ही हातांची बोटं सोललेली. नीलकंठ तिला ओलांडून आत गेला, मोटारीमागे वाकला आणि म्हणाला, "नळी कोनं काढली?"

मीराला दवाखान्यात नेलं, पण तिथून तिचं प्रेतच परत आलं. पोलीस यायच्या आधी नीलकंठनं कलावतीला स्वैपाकघरात नेऊन बसवलं. आवाज इतका मऊ की तिला क्षणभर तो लहानपणचा दादा वाटला.

"कले, जे झालं ते झालं. आता पोरीचं पाह्य. टिकाराम सहा महिन्यांत दुसरी करन. त्याची माय तर पोरीचं तोंड बी पाहाले नाही आली. पोर तुयाजवळच राहीन, याच घरात, मी वाढवीन तिले. पन मी बाहेर राहिलो तर ना. मले आत टाकलं तर हे घर कोन चालवनार? तू कुठं जाशील तिले घेऊन?"

"तुम्ही म्हनलं होतं, नाही दाबत," कलावती म्हणाली.

"कोनाले म्हनलं?"

तिनं हेमलताकडे पाहिलं. हेमलतानं पोरीला खांद्यावर घेतलं होतं आणि ती तिची पाठ थोपटत होती. "मी मेथी निवडून राहिली होती," ती म्हणाली. "माया ध्यानात नाही."

मी म्हणतो, त्या वेळी कलावतीनं गावभर बोंब मारायला हवी होती. पण हे म्हणायला माझं काय जातं? माझ्या मांडीवर सात दिवसांची पोर नव्हती आणि डोक्यावर भावाचं छप्परही नव्हतं.

हवालदार आला, त्यानं मोटारीभोवती दोन चकरा मारल्या, सीटवर बसून बघितलं आणि कितना एव्हरेज देती है, असं विचारलं. मग कलावतीचा जबाब लिहून घेतला. नली मैंने निकाली थी और भाई साहब को बताया नहीं था। ताला भी मेरे कहने पर लगाया गया था। लिहिलेलं त्यानं वाचून दाखवलं. कलावतीनं खाली सही केली. चौथीपर्यंत शिकलेली होती, अक्षर सुवाच्य होतं.

टिकाराम संध्याकाळच्या बसनं आला. रडला नाही, ओरडलाही नाही. दुसऱ्या दिवशी घाटावरून परतल्यावर तो ठाण्यात गेला, कागद वाचायला मागितला आणि मास्तरासारखा दोनदा वाचला. घरी येऊन त्यानं पोर मागितली.

"दूध कोन पाजन तिले?" कलावती म्हणाली. "राहू द्या मायापाशी, जावईबापू. मीरानं माया भरोशावर..."

"आमच्या घरी अंजनी वहिनीचं पोरगं चार महिन्यांचं आहे. ती पाजेल." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही धुराची नळी काढली. कुणाला सांगितलं नाही. बाळंतिणीला कुलूप लावायला सांगून बाजारात गेलात. तुमच्या भरोशावर आता मी कुत्रंसुद्धा नाही ठेवणार."

तेव्हा कलावती बोलली. सगळं बोलली, मेथी, पेपर, नाही दाबणार ना, एकदा सांगितलं ना. शब्द एकावर एक पडत होते. टिकारामनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग सही कुणाची आहे?"

"मायी."

"जबरदस्तीनं घेतली?"

तिनं नीलकंठकडे पाहिलं. तो अंगणात उकिडवा बसून होता. "दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं," तो हळूच म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं.

"नाही," कलावती म्हणाली. "मीच केली."

हेमलतानं पोरीला दोन टोपडी घातली. दोरीवरची दुपटी अजून ओली होती, ती पिळून पिशवीत भरली. नीलकंठ बस स्टँडसाठी रिक्षा बोलावून आला आणि रिक्षावाल्याशी भाडं ठरवून त्यानं ते आपल्या खिशातून दिलं. टिकाराम पोरीला शालीत घेऊन बसला. पोर भुकेनं रडायला लागली होती, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत तिचा आवाज येत राहिला.