सहाव्या खुर्चीपुढचा कप

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. मला बाजू सहा, पण मानाची जागा एकही नाही. बीजिंगच्या अतिथिगृहासाठी ग्वान मिस्त्रींनी मला घडवले, तेव्हा तशीच अट होती. सहा देश बसणार, कोणी रुसायला नको!

उत्तर कोरियाने अणुबाँब सोडावा आणि बाकीच्यांनी त्याला तेल-धान्य द्यावे, एवढेच बोलणे होते. पण उत्तर कोरियाचा माणूस आणि अमेरिकेचा माणूस एकमेकांकडे बघतही नसत. मध्यस्थी चीनची, म्हणजे आमच्या शाओसाहेबांची. दोघांना जेवू घालायचे आणि दोघांची बोलणी खायची, हेच त्यांचे काम.

"लग्न जमवणाऱ्यासारखं आहे आमचं," ते चहा देणाऱ्या यिंगआयला म्हणत. "मोडलं की खापर आमच्या डोक्यावर!"

"पण जमवा हं, साहेब. आई उत्तर कोरियाच्या सरहद्दीवर राहते. पलीकडे जमिनीखाली बाँब उडवला, की तिच्या फडताळातली भांडी खाली येतात."

एकदा करारावर सह्या झाल्या. सगळे माझ्याभोवती हसले. मला फार अभिमान वाटला.

पुढच्या बैठकीला मात्र उत्तर कोरियाची खुर्ची रिकामीच राहिली.

"कप राहू दे," शाओसाहेब म्हणाले. "येतील."

पाहुण्याचा कप उचलला, म्हणजे तो येणार नाही हे आपणच कबूल केले. म्हणून यिंगआय गार चहा ओतून टाकी, नवा भरी, वर झाकण ठेवी.

"भूत पितंय की काय?" रशियाच्या पाहुण्याने चेष्टा केली.

अमेरिकेचा माणूस शाओसाहेबांवर भडकला. "तेल तुमच्याकडून जातं ना? बंद करा. येतील धावत!"

"आणि त्यांचं घर कोसळलं तर? ते आमच्याच अंगणात पडेल," शाओसाहेब म्हणाले.

दुपारी यिंगआयला घरून फोन आला. ती परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"साहेब, भांडी पडली."

शाओसाहेबांनी समोरची फाईल मिटली. मग हळूच म्हणाले, "कप उचल, पोरी."

तिने उचलला. तो अजून गरम होता.

आता माझे सहा तुकडे दोरीने बांधून कोठारात ठेवले आहेत. वाळवी लागली आहे. त्याचे दुःख आहेच, पण रिकामे पडल्याचे त्याहून जास्त आहे. मित्रांनो, भांडण मिटले नसताना बसायची जागा मोडू नका. मला पुन्हा जोडा.

यिंगआय कधीतरी येऊन माझी धूळ पुसते. तिची आई आता भांडी फडताळात ठेवतच नाही म्हणे. जमिनीवरच मांडते.