कौसल्याबाईंच्या मानेचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे हं, मानेचा! आतून फोम, वरून कापड आणि मागे करकर वाजत सुटणारी चिकटपट्टी. कारखान्यातून निघालो तो पांढरकवड्याच्या एका औषधाच्या दुकानात येऊन पडलो.

तिथून मला मुकुटबनच्या नागोरावांनी नेलं. झालं होतं असं, की केळापूरजवळच्या वळणावर त्यांनी कार एकदम थांबवली आणि मागच्या गाडीने धडक दिली. नागोरावांना खरचटलंही नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, कौसल्याबाईंच्या मानेला मात्र जोराचा हिसका बसला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, "दुखणं उतरेपर्यंत थोडे दिवस पट्टा. मग तो सोडायचा आणि मान हलवायची."

नागोरावांनी पहिलं तेवढं ऐकलं. रोज सकाळी चहा झाला की ते मला बायकोच्या मानेभोवती बांधत आणि मुकाट्याने शेतात जात. अपघाताबद्दल अवाक्षर नाही. त्याही काही बोलत नसत. बघायला येणाऱ्या बाया म्हणत, "नशिबाची आहेस माय, नवरा किती जपते!" ऐकून मला बरं वाटे.

कपाशी फुटली, वेचणी आली, तरी मी मानेभोवतीच. घामाने माझा रंग गेला. मान लाकडासारखी झाली. कुणी हाक मारली की कौसल्याबाई अख्ख्या वळत. कसं वाटतं विचारलं तर म्हणत, "काही वाटत नाई आता."

शेवटी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या सुरभीताईंनी मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अजून पट्टा? काहून जी काका?"

नागोराव खाली पाहत म्हणाले, "गाडी मीच चालवून राह्यलो होतो. पट्टा बांधून देणं, तेवढंच माह्या हातात होतं."

"आणि काकू, तुम्ही काहून नाही सोडला?"

"बांधतानी तरी हे जवळ येत होते जी," कौसल्याबाई म्हणाल्या. "सोडला असता तं तेबी गेलं असतं."

मग नागोरावांनी आपल्या हाताने मला सोडलं. सुरभीताई सांगतील तशी कौसल्याबाईंनी मान वळवली. कण्हत, थांबत, नवऱ्याकडे.

"वाळले किती तुम्ही," त्या म्हणाल्या. नागोराव ढसाढसा रडले.

आता मी खुंटीवर असतो. सकाळी चहानंतर दोघं समोरासमोर बसून मानेचा व्यायाम करतात. माझ्याकडे कुणी पाहत नाही, आणि तेच बरं आहे. मित्रांनो, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस मला जरूर बांधा. ते सोडा म्हणाले की मला सोडा, आणि दुखऱ्या माणसाजवळ जाऊन बसा.