कानिशायकडची खुर्ची

नारीन शहराच्या रस्त्याला लागल्यापासून बुर्माकाननं ती खुर्ची मांडीवर धरून ठेवली होती आणि कुणाला बोटही लावू दिलं नव्हतं. तान्ह्या बाळाला गाडीत बसवायची खुर्ची ती. निळं कापड, जाड पट्टे, मधोमध लाल बटणाचं बक्कल. तुरारनं दोनदा सांगून पाहिलं, "आई, ठेव की बाजूला. तिला काय पाय फुटणार आहेत?" पण ऐकेल ती बुर्माकान कसली!

"तू समोर बघून चालव," ती म्हणाली. "बाप झालास म्हणून अक्कल येत नसते."

पुढे बसलेला शारशेन गालात हसला. बुर्माकानचा नवरा चाळीस वर्षं खोगिरं करत आलेला. अत-बाशीच्या खोऱ्यात त्याच्या खोगिरावर न बसलेला माणूस शोधावा लागेल. बोलायचा मात्र मोजकं. त्याच्या वाटणीचंही बुर्माकानच बोलून टाकायची, त्यामुळे घरात कुणाचं काही अडत नव्हतं.

खुर्ची गावातल्या कानिशायकडची होती, आणि तीच तर खरी गोष्ट. कानिशायला नऊ मुलं, नऊच्या नऊ हयात. नातवंडं एकोणीस. तिच्या सासूचंही तसंच, आजेसासूचंही तसंच. ज्या घरात पोरं जगतात त्या घरचं काहीतरी मागून आणायचं, अंगडं म्हणा, दुपटं म्हणा, आणि आपल्या बाळाला पहिल्यांदा तेच लावायचं, ही रीत त्या भागात सगळेच पाळतात. पण बुर्माकाननं काय नुसतं अंगडं मागितलं? उकडलेलं मटण आणि रेशमी रुमाल घेऊन ती कानिशायच्या दारात गेली आणि थेट ही खुर्ची मागून आणली. मागच्या शरद ऋतूत कानिशायच्या मुलाची गाडी दोलोनच्या घाटात तीन कोलांट्या खाऊन खाली गेली होती. मुलाचा हात मोडला, सुनेच्या दोन बरगड्या गेल्या आणि या खुर्चीतल्या सहा महिन्यांच्या नातवाला ओरखडासुद्धा नाही. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो रडत होता. ही हकीकत अत-बाशीला पोचेपर्यंत तो हसायला लागला होता, आणि बुर्माकान सांगायची तेव्हा टाळ्याही वाजवायचा.

दवाखान्याच्या बाहेरच्या दालनात तुरारची बायको जिपारा तयार होऊन बसली होती. बाळंतपणाचा चौथा दिवस. चेहरा अजून ओढलेला, डोक्याला पांढरा रुमाल. तिच्याशेजारी सालामात उभी होती, तिथली मुख्य सुईण. तीस वर्षांत अर्ध्या जिल्ह्याला तिनं या जगात आणलं होतं आणि ते ती कुणाला विसरू द्यायची नाही. बाळ तिच्याच हातात होतं.

"या आजीबाई, घ्या," सालामात म्हणाली आणि बाळ पुढे केलं. "बघा तरी, नाक अगदी तुमचं आहे. बिचारीला आयुष्यभर वागवायचंय."

बुर्माकाननं दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको नको. आधी खुर्ची. आधी खुर्चीतच बसू दे तिला."

जिपारानं मान खाली घातली. बुर्माकाननं ते पाहिलं. तीन दिवस रोज सूप करून पाठवलं होतं तिनं, लोकरीचे मोजे पाठवले होते, पण काल भेटायला आली तेव्हाही बाळ हातात घेतलं नव्हतं. सूनबाईच्या मनात काय चाललंय हे कळायला का ती दुधखुळी होती? पण सांगायचं कसं? ती लगबगीनं खुर्चीवरचं कापड झटकायला लागली.

सालामातनं बाळ बाकावर ठेवून दुलई सोडली. बुर्माकाननं स्वतः शिवलेली, उंटाची लोकर भरलेली, रिबिनीनं बांधलेली दुलई. "असं गाठोडं करून चालत नाही, आजीबाई. पट्टा दोन पायांच्या मधून यावा लागतो. अंगात साधे कपडे, पट्टा अंगाला लागून आणि ही तुमची दुलई मग वरून. जाड कपड्यावरून पट्टा बांधला तर तो ढिलाच राहतो."

"घोड्याच्या पोटाला आवळायच्या तंगासारखं," शारशेन म्हणाला. "खाली जाड घोंगडी घातली की तंग आवळल्यासारखा वाटतो आणि चढावावर खोगीर फिरतं."

"बघा! यांना कळलं."

आता बुर्माकानला राहवेना. खुर्चीचं माहात्म्य सांगायची हीच वेळ होती. तिनं दोलोनच्या घाटापासून सुरुवात केली, तीन कोलांट्या सांगितल्या, मोडलेला हात आणि बरगड्या सांगितल्या आणि टाळ्या वाजवणाऱ्या नातवापाशी येऊन थांबली. सालामातचे हातही थांबले होते.

"पुन्हा सांगा. गाडी कोसळली तेव्हा मूल याच खुर्चीत होतं?"

"याच! म्हणून तर आणली!"

सालामातनं बाळ उचललं आणि जिपाराच्या कुशीत परत दिलं. "मग या खुर्चीत मी हिला पाठवणार नाही."

"काय?"

"रागावू नका. ही खुर्ची एकदाच मार खाण्यासाठी केलेली असते, तो तिनं खाल्ला. एवढ्या आपटण्यानंतर आत कुठे तडा गेलाय, पट्टा कुठे ताणलाय, वरून दिसत नाही. दुसऱ्या वेळी ती टिकेल याचा काय भरवसा?"

"अगं बाई, टिकली नाही का? तीन कोलांट्या! त्या दुकानातल्या नव्या खुर्चीनं एक तरी खाल्लीय का?" बुर्माकानचा आवाज चढला. दारापाशी फुगे घेऊन उभ्या असलेल्या दुसऱ्या कुटुंबातले लोक वळून बघायला लागले. "शिकलेल्या बायकांना कशाचीच कदर नाही! अहो, तुम्ही सांगा की हिला काहीतरी! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय?"

शारशेननं खुर्ची उचलून खिडकीच्या उजेडात नेली. कापड सोडवलं, आतल्या प्लास्टिकवर अंगठे दाबत फिरवले, बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला. पट्टा दोन्ही हातांत धरून ताणला. बराच वेळ गेला.

"तडा दिसत नाही," तो म्हणाला.

"ऐकलंस?" बुर्माकान सालामातकडे वळली.

"थांब. मला दिसत नाही, एवढंच म्हणालो." त्यानं खुर्ची खाली ठेवली. "घोडा पडला, खोगिरावर लोळला, की लोक खोगीर माझ्याकडे आणतात. वर चामडं नव्यासारखं असतं. मी काय करतो?"

बुर्माकान खुर्चीचं सुटलेलं कापड गोळा करायला लागली.

"तूच भांडतेस दर वेळी. चांगल्या खोगिराचा सांगाडा चुलीत घातला म्हणून. लाकूड ठोकलं की मला आवाजावरून कळतं, तरी मी घालतो. आणि याचा तर आवाजच मला कळत नाही. जे मला कळत नाही त्यावर मी पोरीला बसवू?"

असं म्हणून त्यानं खिशातला चाकू काढला आणि खुर्चीचे दोन्ही पट्टे कापून टाकले. बुर्माकाननं किंकाळीच फोडली.

"कानिशायला काय तोंड दाखवू मी?"

"सांग, दुसऱ्या कुणी चुकून वापरू नये म्हणून कापली. तिचीही नातवंडं आहेत, तिला पटेल. तुरार, जा. बसस्थानकाजवळच्या दुकानातून नवी घेऊन ये. तान्ह्या बाळाची सांग."

तुरार निघून गेला. सालामातला आतून बोलावणं आलं. बुर्माकान बाकावर मटकन बसली. तिचा सगळा जोर ओसरला होता. पहिल्या दिवसापासून मनाशी जुळवलेलं सगळं दोन मिनिटांत मोडलं, तेही आपल्याच नवऱ्याच्या हातून. तिला रडू फुटत होतं आणि चार लोकांत रडायची लाज वाटत होती.

जिपारा बाळाला घेऊन तिच्याजवळ सरकली. "आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"मुलगी झाली म्हणून तुम्ही हिला घेत नाही का?"

"हाय रे देवा!" बुर्माकाननं कपाळावर हात मारला. "मुलगी झाली म्हणून? अगं, मुलगी व्हावी म्हणून मी..." पुढे तिला बोलवेना. तिनं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि मग एका दमात बोलून टाकलं. "माझ्या हाताला यश नाही, बाई. तुरारच्या आधी तीन झाली मला. तिघांना याच दवाखान्यातून याच हातांनी घरी नेलं. एक अकरा दिवस राहिला. एक वीस. मुलगी होती ती छत्तीस दिवस राहिली, चाळीस दिवस काढले की बाळ जगतं म्हणतात, त्याला चारच कमी होते. मी चुलीवर पाणी ठेवलं होतं तिच्या रोजच्या न्हाणासाठी. तिघंही शांत होती गं, घरी जाताना तोंडातून हूं की चूं नाही, आणि मी मूर्ख म्हणत होते की किती गुणी बाळं! तुरारच्या वेळी मी हातच लावला नाही. कानिशायच्या सासूनं आणला त्याला घरी. तो जगला. आता मला काय वेड लागलंय हिला हात लावायला? चाळीस दिवस जाऊ देत, मग बघ, खाली ठेवणार नाही मी तिला."

जिपाराचेही डोळे भरले होते. तिनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कानिशायच्या सासूनं नाही आणलं," खिडकीपाशी उभा असलेला शारशेन म्हणाला.

"म्हणजे?"

"दवाखान्यातून तिनं उचललं, बरोबर. सहकारी शेतीचा ट्रक होता, पुढे आपण तिघं आणि ड्रायव्हर. किझिल-बेल घाटाच्या पायथ्याशी तो रडायला लागला. ती त्याला हलवत होती, थोपटत होती, पण तो थांबेना. तू तिच्या मांडीवरून ओढून घेतलास त्याला. ती म्हणाली, अगं, काय करतेस? तू म्हणालीस, माझं लेकरू आहे. घरापर्यंत कुणाला दिला नाहीस."

"खोटं!"

"मी शेजारी बसलो होतो, बुर्माकान."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चारचौघांत तो तिला नावानं हाक मारत नसे. त्या दिवसाचं तिला खरंच काही आठवत नव्हतं. ताप होता, भीती होती, आणि मग तीस वर्षं तिनं कानिशायच्या सासूचे उपकार गावभर सांगितले होते.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"पोरगा जगला होता. तू कुणाला श्रेय देतेस त्यानं मला काय फरक पडत होता?" तो म्हणाला. मग थोडा थांबून, "बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

तेवढ्यात तुरार खोका घेऊन आला, घामाघूम. खुर्ची करड्या रंगाची, प्लास्टिकच्या पिशवीतली, कोऱ्या मालाचा वास मारणारी. तिच्यात कुणाचं मूल बसलं नव्हतं, कुणाच्या घरचं नशीब तिला चिकटलेलं नव्हतं. सालामात मागोमाग आली आणि सगळ्यांना घेऊन अंगणात गाडीपाशी गेली. तिनं मागच्या सीटवर खुर्ची उलटी बसवली, गाडीचा पट्टा ओवून घेतला, गुडघा टेकवून तुरारकडून आवळून घेतला.

"तोंड मागे?" तुरार म्हणाला. "तिला रस्ता दिसणार नाही."

"काय बघायचंय तिला? तुझं चालवणं? वर्षभर तरी तोंड मागेच ठेव. मान अजून कच्ची आहे तिची."

आता बाळ ठेवायचं होतं. जिपारा दाराशी आली, आत वाकली नाही, मागे वळली आणि बाळ बुर्माकानसमोर धरलं.

"आई, तुम्ही ठेवा."

"मी? नको गं. सालामात ठेवेल, तिला येतं."

"तिला येतं हो," जिपारा म्हणाली. "पण तुमचं चौथं बाळ तुम्हीच घरी नेलंत ना? ते बघा, गाडीला टेकून उभं आहे. नव्वद किलोचं झालंय."

सालामात खो-खो हसली. तुरारला काहीच कळलं नाही, तो आपला सगळ्यांची तोंडं बघत राहिला. बुर्माकाननं शारशेनकडे पाहिलं. त्यानं होकाराची मान हलवली. तिनं तळहात झग्याला पुसले, एकदा, दोनदा, आणि नातीला घेतलं. किती हलकी होती पोर! विसरलीच होती ती, इतकी हलकी असतात म्हणून. तिनं तिला खुर्चीत ठेवलं. सालामात सांगत गेली तसं एक खांदा, दुसरा खांदा, पायांच्या मधून पट्टा, मग बक्कल. टक् आवाज झाला. सालामातनं पट्टा आवळायला लावला. "आता एक बोट घालून बघा. एकच जाईल एवढं." बुर्माकाननं बोट घातलं. एकच गेलं.

आणि पोरीनं भोकाड पसरलं. लालबुंद होऊन, मुठी आवळून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं.

बुर्माकान दचकून मागे झाली. "रडतेय ही! काही लागलं का? माझं काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. दूध पिऊन आलीय, लंगोट कोरडा आहे, पट्टा नीट आहे," सालामात म्हणाली. "आवडलेलं नाही तिला, एवढंच. फुप्फुसं बघा कशी आहेत! घाट संपेपर्यंत ऐकवेल तुम्हाला."

बुर्माकान खुर्चीशेजारी बसली, दुलई वरून पांघरली. पलीकडून जिपारा बसली. तुरारनं गाडी इतकी हळू काढली की फाटकाबाहेर एक गाढवही पुढे निघून गेलं, पण त्याला कुणी काही बोललं नाही. शहर मागे पडलं तरी पोरगी रडत होती. घाटाच्या पायथ्याशी तुरार म्हणाला, "आई, जरा गप्प कर ना तिला."

"खबरदार!" बुर्माकान म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तिनं वाकून नातीच्या लालभडक तोंडाजवळ तोंड नेलं. "रड गं माझी बाय. रड चांगली. घरापर्यंत रड."

पोरीनं ऐकलं आजीचं. दार येईपर्यंत रडली.