एका पिशवीतली माती

हिवाळ्यात मला एक पत्र आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. रेघांचा कागद, उभट नीटस अक्षर, आणि सोबत कापडी पिशवीत शेरभर माती. लिहिणाऱ्या बाई शाळेत शिवण शिकवत. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. माती सर्वेक्षणाच्या एका जुन्या अहवालावर त्यांना माझं नाव सापडलं होतं. तो अहवाल वाचणारं कुणी जगात आहे, याचंच मला आधी नवल वाटलं.

प्रश्न एकच होता. ‘आमच्या घराच्या मागच्या खोल्यांना तडे गेले आहेत. घर माझ्या भावाने बांधलं, तो गवंडी आहे. बोलू नये ते मी त्याला बोलून बसले आहे. एवढंच सांगा, दोष मातीचा की त्याच्या हाताचा?’

उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. मी रोज टेबलाशी बसत होतो. ‘आपलं पत्र मिळालं’ इथवर जमायचं, मग चष्मा पुसायचा, मग उठायचं.

नोकरीत असताना कचेरीत मला ‘बहुधा’ म्हणत. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे. “बहुधा आले का?” “बहुधा जेवायला गेलेत, नक्की.” माझ्या अहवालांत दर दुसऱ्या वाक्यात तो शब्द असे. ही माती बहुधा वाहून आलेली आहे. खाली बहुधा चुनखडी असावी. एकदा साहेबांनी लाल शाईने शेरा मारला होता, ‘अहवाल बहुधा मंजूर.’ मी त्यावरही हसलो नव्हतो. मला ते बरोबरच वाटलं होतं.

तर ही पिशवी मी आमच्या जुन्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या बाई पूर्वी माझ्या हाताखाली होत्या, अजून सर म्हणतात. त्यांनी सगळ्या चाचण्या केल्या. माती तांबूस, भुसभुशीत, चिकणमातीचा अंश थोडा. पाण्यात ठेवली तरी फुगेना. अशा मातीवर भिंत तडकायचं कारणच नाही. म्हणजे हात भावाचाच चुकला.

पण माती नुसत्या प्रयोगशाळेत ओळखू येत नाही. ती कुठल्या हवेत राहते आणि कुठल्या उतारावर बसली आहे, तेही विचारावं लागतं. मी त्या भागाच्या पावसापाण्याच्या नोंदी काढल्या. अर्धं वर्ष ओलं, अर्धं वर्ष कोरडं ठणठणीत. नकाशा काढला. घर टेकडीच्या पायथ्याशी, जिथे वरून धुपून आलेला बारीक गाळ शेकडो वर्षं साचत आला असणार. अशा जागी, अशा हवेत काळी भारी माती असायला हवी, भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. हवामान आणि नकाशा एक सांगत होते, पिशवी दुसरंच सांगत होती. आणि तिघांत आकड्यांत बोलत होती ती पिशवी.

मी काय लिहिणार? ‘दोष बहुधा भावाचा’? एका शब्दाने गवंड्याचं नाव जातं. ‘बहुधा मातीचा’ लिहावं तर हातात पुरावा नाही. मी गप्प बसलो. गप्प बसणं मला लहानपणापासून येतं.

उन्हाळा संपत आला तेव्हा दुसरं पत्र आलं, चारच ओळींचं. ‘उत्तर आलं नाही, त्यावरून काय समजायचं ते समजले. भाऊ आता कामाला जात नाही. मागच्या खोल्या पाडायला सोमवारी माणसं येत आहेत. आपल्याला तसदी दिली, क्षमा असावी.’

ते आमच्या हिने वाचलं. मी कागद टेबलावर उघडा ठेवला होता, बहुधा तिने वाचावा म्हणूनच.

“अहो,” ही म्हणाली, “तुम्ही तोंड उघडलं नाहीत तरी लोकांना ऐकू येतं, बघा.”

“पण मला खात्री नव्हती.”

“लग्नाला होकार देतानाही नव्हती. उठा, चपला घाला.”

दोन बस बदलून आम्ही गेलो. माझे गुडघे आता बसच्या पायऱ्यांनाही घाबरतात. रस्ता टेकडीवरून खाली उतरत जाऊन एका घराशी संपत होता. दारात बाई उभ्या होत्या, गळ्यात मोजायची फीत तशीच लोंबत असलेली.

“तुम्ही म्हणजे ते मातीचे...?”

“हो. बहुधा,” मी म्हणालो. ही शेजारी खुदकन हसली.

मागच्या अंगणात भेगा पडल्या होत्या. माझी लाकडी पट्टी एका भेगेत सरळ आत गेली आणि टेकलीच नाही. पुढच्या अंगणात एकही भेग नव्हती. तिथे फुलझाडांचा वाफा होता, त्यातली माती तांबूस, भुसभुशीत. मी वाकून चिमूटभर उचलली आणि मला एकदम थकल्यासारखं झालं.

“बाई, पिशवीतली माती कुठून घेतली होती?”

“इथूनच, वाफ्यातून. चाळून, खडे निवडून पाठवली होती.”

“मागची का नाही?”

“मागची कशी पाठवणार? काळी, ढेकळंच ढेकळं. एवढ्या मोठ्या माणसाकडे पाठवायची म्हणजे जरा बरी दिसायला नको? पाहुण्याला फाटकी चादर घालतं का कुणी?”

“आणि वाफ्यात ही आली कुठून?”

“टेकडीवरून. ह्यानेच आणून टाकली.” हा ‘ह्या’ म्हणजे भाऊ, उघड्या घरातून आरपार दिसणाऱ्या मागच्या खोलीच्या दारात उभा होता. रुंद खांद्यांचा, दाढी वाढलेला. त्याच्या डोक्यावरून तडा छतापर्यंत गेला होता, पायऱ्या-पायऱ्यांनी.

हिवाळा आणि उन्हाळाभर मी त्या आकड्यांपुढे मान तुकवून बसलो होतो आणि ते आकडे टेकडीचे होते. माती कुठून काढली हे साधं पोस्टकार्ड टाकून विचारायचं मला सुचलं नव्हतं. सुचलंही असेल. पण पोस्टकार्ड टाकायचं म्हणजे पुन्हा लिहायलाच बसायचं.

“मागे खणावं लागेल,” मी म्हणालो.

बाई माझ्या हिच्याकडे वळल्या. “त्याला विचारा, कुदळ कुठे आहे.”

“तिला सांगा,” भाऊ हिलाच म्हणाला, “जिथे फेकलीस तिथेच आहे.”

“मी पाहुणी आहे,” ही म्हणाली, “तुमची टपालपेटी नाही. आधी कुदळ आणा, मग भांडा.”

भावाने खणायला घेतलं. माती विटेसारखी टणक होती, कुदळ उडत होती. गुडघ्याइतका खड्डा झाला, मग कमरेइतका. तिथे एक मोठं ढेकूळ निखळलं. भाऊ ते खाली टाकणार तोच थांबला. ढेकळाची एक बाजू आरशासारखी चकाकत होती, बारीक रेघा उमटलेली.

त्याने अंगठा फिरवून पाहिला. “हे घोटलं कुणी? थापी फिरवल्यासारखं आहे.”

“कुणी नाही,” मी म्हणालो. “भिजली की ही फुगते, वाळली की आकसते. जागा मिळेना की ढेकूळ ढेकळावर घसरतं. दरवर्षी. घासून घासून अशी चकाकी येते.”

“आणि वरच्या भिंती?”

“भिंतीही तिच्याबरोबर वरखाली होतात. बिचाऱ्या काय करणार?”

तो खड्ड्यातच बसला. “मी पुढे खणून बघितलं होतं,” तो आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाला. “दोन फुटांवर मुरूम लागला. पहार वाजत होती त्याच्यावर. म्हटलं, झालं. अख्खं घर तेवढ्याच पायावर उचललं. मागे कशाला खणू? एकच तर जागा.”

बाई आत गेल्या. पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि खड्ड्याच्या कडेला ठेवला. “पाणी पी,” म्हणाल्या. हिच्यामार्फत नाही.

मी तेव्हाच सांगून मोकळा व्हायला हवं होतं. पण मी भिंतींना ओळंबा लावून पाहिला, सांधे टोकरून पाहिले आणि खड्ड्यातली दर हातभर खोलीची माती वेगळ्या पिशवीत भरत बसलो.

“अजून तपासायचीच आहे?” भावाने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता.

“एकदा मी न बघता गप्प बसलोय. आता न बघता बोलायला नको.”

“मग लेखी पाठवा,” बाई म्हणाल्या. “तोंडी काही आमच्या घरात टिकत नाही. एक सांगतो एक, दुसरा ऐकतो भलतंच. सोमवारच्या माणसांना मी नको म्हणून कळवते. पत्र येईपर्यंत एक वीट हलणार नाही.”

प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती काळी माती दोन मोजपात्रांत घातली, एकात पाणी, एकात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तुलनेला. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली तळाशी निमूट बसली होती. पाण्यातली तिच्या दुपटीहून वर आली होती.

“पिशवीतल्या मातीला विचारलं तेवढंच ती सांगते, सर,” बाई म्हणाल्या. “आणि आता बहुधा लिहिलंत तर मी सही करणार नाही.”

घरी येऊन लिहायला बसलो. हात दुखत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण उठलो नाही.

‘आपलं पत्र मिळालं. आपल्या घराच्या पुढच्या अर्ध्या भागाखाली मुरूम आहे आणि मागच्या अर्ध्याखाली काळी भारी माती. ती पावसात फुगते व उन्हात आकसते. तडे त्यानेच गेले. भावाच्या हातात दोष नाही; विटा ओळंब्यात आहेत, सांधे भरीव आहेत. त्यांचं चुकलं ते एवढंच की एका खड्ड्यावरून त्यांनी सगळी जमीन ओळखली. मी एका पिशवीवरून तेच करायला निघालो होतो, आणि माझं तर शिक्षणच या कामाचं. मागच्या खोल्या पाडू नयेत. त्यांचा पाया काळ्या मातीतून खाली, कडक थरापर्यंत न्यावा. तो किती खोल आहे ते खणल्यावर कळेल. खणायला भावालाच सांगावं. उत्तराला उशीर झाला. त्या उशिराने आपल्या घरात जे झालं, त्याला मीच कारण आहे.’

हिने कागद उजेडात धरून दोनदा वाचला.

“एकही बहुधा नाही,” ती म्हणाली. “ताप तर नाही ना आला?”

टपालपेटी आमच्या कोपऱ्यावरच आहे, पण मी वाटेत एका ओट्यावर बसून घेतलं. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरलं आणि तसाच उभा राहिलो. थराची खोली मी स्वतः मोजायला हवी होती का? पुन्हा जावं का? मागे एक बाई हातात लिफाफ्यांचा गठ्ठा घेऊन ताटकळली होती.

“काका, टाकताय की घरी नेताय?”

“टाकतोय,” मी म्हणालो, आणि सोडलं.