कोशाचा दोरा

जीपखालून चंद्रभानचे भेगाळलेले पाय तेवढे बाहेर दिसत होते, आणि आतून आवाज येत होता, "हर्षे, सतरा नंबरचा पाना दे. सतरा म्हनलं, चौदा नाही!"

हर्षा, आसगावला दिलेली त्याची एकुलती लेक, पदर खोचून शेजारी बसली होती. दुपारी तिचा नवरा कुंदन येणार होता आणि दोघं ही जीप कायमची घेऊन जाणार होती. सुमित्राबाई जाऊन आठ महिने झाले होते. बायकोमागे चंद्रभानला जीप काढून जावं असं कुठलं ठिकाणच उरलं नव्हतं. त्याची अट एकच होती. मिस्त्रीच्या दारातली गाडी लेकीच्या सासरी तेल गाळत जायची नाही.

गळती तीन वर्षांची. चिखल्याच्या खाणीत माणसं नेणाऱ्या गाड्या त्याने उभी हयात हाकल्या आणि दुरुस्त केल्या. त्याच्या गावातल्या, आंधळगावातल्या निम्म्या इंजिनांत त्याचा हात गेला होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी ही जुनी जीप त्याने हौसेने घेतली, आणि हिच्याच मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यातून तेल टपटपायचं. ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गेलंय हे त्याला कळत होतं. पण 'पाहू उद्या' म्हणत तो नुसतं तेल भरत राहिला. सुमित्राबाई रोज सकाळी सडा घालायच्या आधी गोळ्याखालचं जर्मनचं ताट काढायची, राखेने घासायची आणि पुन्हा तिथेच सरकवायची. "लोकायच्या गाड्या सुदरवता, आपली काहून नाही?" असं वर्षातून एकदोनदा म्हणायची. हा ते कानाआड करायचा.

गोळ्याला फिरवणाऱ्या शाफ्टचे चार बोल्ट सुटले. मधल्या मोठ्या नटाने मात्र तासभर घाम काढला. शेवटी शाफ्ट जिला जोडतात ती चकती त्याने ओढून काढली. तिच्या मानेला काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. दोरा. फिरता फिरता तो सीलच्या काठात घुसला होता आणि त्याने रबर कुरतडून टाकलं होतं.

"रस्त्यातली चिंधी फसली वाटते," म्हणत तो बाहेर सरकला आणि चकती डिझेलमध्ये बुडवून चोळू लागला. काळं उतरलं तसा खालून मधासारखा पिवळा रंग निघाला. चंद्रभान कोष्ट्याच्या, विणकराच्या घरचा. कोसा, म्हणजे टसर रेशीम, ओळखायला त्याला नुसती बोटं पुरेशी होती.

हर्षाने मान खाली घातली.

"काय झालं बेटा?"

"बाबा, आईचा हाय तो." ती चाचरत बोलू लागली. "दसऱ्याले मागाच्या रुळाले आपन दोरा बांधतो नं, रूळ खांबात शिरते तिथं. आई म्हने, जे फिरते थेच पोट भरते, त्याले दोरा पाह्यजेच. तुमी जेवून झोपले का ती जीपखाली घुसे. मी पाहारा करो."

"पन खाली कायले? वर आरशाले बांधाचा होता!"

"वर तुमी हात लावू देत होते का?"

चंद्रभानला तो दिवस आठवला. पहिल्या दसऱ्याला सुमित्राबाईने बोनेटवर कुंकवाची पाच बोटं उठवली होती. 'कलर खराब होते, अक्कल हाय का?' असं तो चार शेजारणींसमोर ओरडला होता आणि तिच्या डोळ्यांदेखत पेट्रोलच्या फडक्याने कुंकू पुसून टाकलं होतं. ती आत निघून गेली. पुन्हा तिने कधी तो विषय काढला नाही. बायको समजूतदार आहे म्हणून तो मनात खूश झाला होता.

"पहिले साधाच दोरा बांधे, थो तुटून जाये," हर्षा म्हणाली. "तीन वर्साआधी चिखल्याच्या वळनावर तुमची जीप पलटता पलटता वाचली, तवापासून कोसा. म्हने, हा तुटत नाही."

तुटला नव्हताच. चंद्रभान ती चकती मांडीवर घेऊन तसाच मातीत बसला आणि लेकीसमोर लहान पोरासारखा रडला. आठ महिन्यांत, सरणापाशीसुद्धा, तो असा रडला नव्हता.

मग त्याने नखांनी गाठ सोडवायचा प्रयत्न केला. कोष्टिणीची गाठ ती, सुटेना. शेवटी ब्लेड घेतलं. दोरा जपून, हळूहळू कापला. सुमित्राबाईच्या कुठल्याच गोष्टीला त्याने आजवर इतक्या हळुवार हात लावला नव्हता. आणून ठेवलेल्या नव्या सीलच्या काठाला ग्रीस लावून, लाकडी ठोकळ्याने चारी बाजूंनी हलके ठोकत त्याने ते बसवलं. शाफ्ट जोडला, तेल भरलं आणि गोळ्याखाली ते ताट सरकवून ठेवलं.

कुंदन आला, जेवणं झाली. निघायच्या वेळी चंद्रभान देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आला. ओल्या कुंकवाची पाच बोटं त्याने बोनेटवर उठवली. ती वेडीवाकडी उठली. उरलेला दोरा त्याने आरशाला बांधला.

"बाबा, कलर खराब होईन," हर्षा हळूच म्हणाली.

"होऊ दे."

जीप वळणाआड गेली. मोकळ्या अंगणात ताट तेवढं उरलं होतं. त्याने वाकून पाहिलं. तेलाचा एक थेंबही पडला नव्हता. जन्मात असं चोख काम त्याने दुसरं केलं नसेल, आणि ते पाहायला ती नव्हती.

तो ते कोरडं ताट घेऊन मोरीपाशी गेला, चिमूटभर राख घेतली आणि घासत बसला.