लिनक्सच्या दोन बहिणी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हसू नका! आज माळ्यावर पडलो असलो, तरी १९९८ साली श्रीरामपुरात आमच्या गल्लीतला पहिला संगणक मीच होतो. बायाबापड्या चपला बाहेर काढून मला बघायला यायच्या आणि लांबूनच विचारायच्या, "हात लावला तर करंट बसतो का गं?" तेव्हा मला लई भाव होता.

मला आणलं रंगनाथआबांनी. ते साखर कारखान्यात फिटर. नगरच्या एका कचेरीने मला काढून टाकलं, तेव्हा आबांनी मला गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने घरी आणलं. कुणासाठी? तर लेकीसाठी, यशोधरासाठी. ती पॉलिटेक्निक शिकलेली. समोरच्या खोलीत बसून ती माझ्यावर लोकांची टायपिंगची कामं करायची.

तिने माझ्यात लिनक्स बसवलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी यंत्रणा. मासिकाबरोबर तिची सीडी फुकट मिळायची. पण लिनक्स काही एकच नव्हे. एका घरातल्या बहिणींसारख्या तिच्या बऱ्याच तऱ्हा. माझ्यात थोरली नांदत होती. पुढे दुसऱ्या मासिकाबरोबर धाकटी आली, थोरलीवरूनच बेतलेली. तिच्या सीडीत मराठी छापणारा प्रोग्रॅम होता आणि यशोधराला तो हवाच होता.

त्याच दिवसांत घरात वेगळंच काही शिजत होतं. पुणतांब्याच्या आत्याच्या आणि तिचे यजमान भीमामामा यांच्या मुलाला, सम्राटला, यशोधरा द्यायची असं आबांनी मनाशी पक्कं केलं होतं. तिची आई मालनबाई म्हणाली, "पोरीला इचारा तरी." आबा म्हणाले, "नात्यातलंच हाय की! घरातल्या घरात काय इचारायचं?" सम्राट गुणी मुलगा, पण यशोधरा त्याच्याबरोबर बहीणभावासारखी वाढलेली. आबांपुढे तिचं तोंड उघडत नसे. माझ्यासमोर बसली की मात्र पुटपुटायची, "कसं सांगू रे आबांना?" मी काय बोलणार, कप्पाळ! नुसता जीव तुटायचा.

एका रविवारी मामा साखरपुड्याची तारीख धरायला येणार होते. त्या सकाळी मन रमवायला म्हणून यशोधराने धाकटीची सीडी लावली. प्रोग्रॅम काही माझ्यात बसेना. मी पडद्यावर स्पष्ट लिहून दाखवलं, "याला लागते ती लायब्ररी माझ्याकडे नाही." ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे हं, सगळे प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर चालतात तो सामायिक भाग. माझा जुना होता, धाकटीचा नवा. यशोधरा वैतागून म्हणाली, "एकाच घरातल्या ना तुम्ही? मग नखरे कसले?" आणि तिने माझी जुनी लायब्ररी काढून धाकटीची जबरदस्तीने तिथे कोंबली.

आई गं! माझी वाचाच बसली. साधी फायलींची नावं दाखवायला सांगितली तरी मला जमेना. बंद करून पुन्हा सुरू केलं, तर अर्ध्यातच अडकलो. यशोधरा रडकुंडीला आली. मला वाटलं, संपलं सगळं, आता भंगारवाल्याची हातगाडी.

पण पोरगी मुळात शहाणी. अडीनडीला असावी म्हणून एक फ्लॉपी तिने पहिल्याच दिवशी करून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली होती. त्या फ्लॉपीवरून तिने मला उठवलं आणि थोरलीच्या सीडीतून जुनी लायब्ररी परत जागेवर ठेवली. पडद्यावर ओळखीची अक्षरं उमटली तेव्हा काय हायसं वाटलं म्हणून सांगू!

मग तिने वाट बदलली. त्या प्रोग्रॅमचा मूळ कच्चा मजकूर, म्हणजे सोर्स कोडही सीडीत होता. तो माझ्यातच, माझ्या मापाने घडवायचा. पण त्याआधी तो मला प्रश्न विचारतो. हे आहे का? ते आहे का? ओळीमागून ओळी पडद्यावर सरकू लागल्या. चहाची बशी घेऊन आबा मागे येऊन उभे राहिले.

"काय इचारतंय गं ते?"

"संगणकाकडं काय हाय, काय न्हाई, ते त्यालाच विचारतंय, आबा."

"आन ते न्हाई म्हनलं तर?"

"तर थांबायचं. मगाशी मी न विचारता कोंबलं, म्हणून तर बंद पडलं. एकाच घरातलं आहे, चालतंय की, असं धरून चालले मी."

आबांची बशी हातातच राहिली. पडद्यावर हो, नाही, हो, हो असं चाललं होतं. मग त्यांनी बशी खाली ठेवली.

"यशे," ते हळूच म्हणाले, "तुला इचारलंच न्हाई की गं मी."

यशोधराची बोटं माझ्या कळांवर थांबली. "आबा, सम्राट मला भाऊच वाटतो."

"मग न्हाई. भीमाला मी सांगतो."

"सुटले बाई!" आतून मालनबाईंचा आवाज आला. यशोधरा रडत होती आणि हसतही होती, आणि तिची आसवं माझ्या कळांवर पडत होती. एरवी मी ओरडलो असतो. त्या दिवशी पडू दिली.

मामा आले, जरा फुगले, पण जेवून गेले. पुढच्या वर्षी सम्राटचं लग्न ठरलं. त्याच्या पत्रिकेचा मराठी मजकूर माझ्यात घडवलेल्या त्याच प्रोग्रॅमने छापला, आणि तो द्यायच्या आधी यशोधराने सम्राटला बाजूला घेऊन विचारलं, "नवरीला विचारलंत ना रे?"

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरंच वाटेल. नाही पुसलीत तरी माझी तक्रार नाही. पण यंत्र असो की माणूस, आपल्याच घरातलं आहे म्हणून त्याच्यात काही कोंबू नका. आधी विचारा, आणि ते नाही म्हणालं तर थांबा.